भांगाचं पाणी

गोपीनाथ वाचनालयात शिरला तो चपला न काढताच. दारावर तशी पाटी होती, पण त्याला वाचता येत नव्हतं. आणि येत असतं तरी त्या सकाळी त्याने चपला काढल्या नसत्या. मागोमाग त्याचा जावई जानू आला. भाईंदर पूर्वेला स्टेशनाजवळच्या त्या एका खोलीत चार-पाच जण वर्तमानपत्रं वाचत बसले होते. त्यांनी पानं खाली केली.

गोपीनाथने मुठीत चुरगळलेली एक पातळ पुस्तिका टेबलावर आपटली.

“वाच, मास्तर.”

महिपत मास्तर नव्हता, वाचनालयाचा ग्रंथपाल होता. पण गोपीनाथच्या मोरवे गावात लिहिता येणाऱ्या प्रत्येकाला मास्तरच म्हणत. आज मात्र तो शब्द गोपीनाथच्या तोंडून शिवीसारखा आला.

“बसा ना, गोपीनाथदादा. पाणी देऊ?”

“पानी तू मना देनार? मोट्यानं वाच. सगल्यांना आयकू जाऊ दे.”

पुस्तिकेचं नाव होतं ‘बारमाही बुडीच्या जागा’. खाली बारीक टायपात, ‘संकलन व लेखन : महिपत साळवी’. आपलं नाव छापलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, तेही अजून पुरते आठ दिवस झाले नव्हते. जानूने खूण करून ठेवलेलं पान त्याने उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच चिरका निघाला.

“मोरवे येथील अनुभवी बुडी मारणारे श्री. गोपीनाथ यांच्या मते, भांगेत उतरल्यास खाडीतील कोणतीही जागा बारमाही चालते. थंडी व भीती मारण्यासाठी हे कष्टकरी लोक भांग घेतात. त्यात त्यांचा दोष नाही.”

वर्तमानपत्रवाल्यांपैकी एक जण फिसकन हसला.

“आता खालची बारीक अक्षरं वाच.”

ती अक्षरं पुस्तिका छापणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी नंतर घातली होती. ‘नशापाणी करणाऱ्या माणसास संस्थेच्या बोटीवर घेतले जाणार नाही.’

“मी कदी भांग घेतली रं? तू पाजलीस? तुज्या बापानं पाजली?”

“दादा, तुम्हीच सांगितलंत. मी तुमच्यासमोर लिहून घेतलं. तुम्ही म्हणालात...”

“मी बोललो भांगात. भां-गा-त.”

“हो. म्हणजे शुद्ध भाषेत भांगेत.”

गोपीनाथने एक बोट पुढे केलं आणि महिपतच्या तेल लावून नीट विंचरलेल्या डोक्यावरून, कपाळापासून मागपर्यंत, सरळ रेघ ओढली.

“डोस्क्यावर रोज भांग पारतंस. आनि खारीच्या पान्याचा भांग तुना ठावं न्हाय. शुद्द भाषा!” टेबलावरची पुस्तिका उचलून त्याने ती महिपतच्या छातीवर मारली. “रविवारी कॅप्टन येतोय. सगल्यांम्होरं सांगायचं, का ह्या मानसानं भांग घेतली न्हाय. न्हाय सांगलंस, तर मोरव्याच्या हद्दीत पाय ठेवून दाखव.”

ते गेले. लादीवर चिखलाच्या चपलांचे ठसे तेवढे राहिले.

महिपत हा सारखा शंका घेणारा माणूस. साधं पोस्टकार्ड टाकायचं तरी पत्ता दोनदा ताडून बघायचा, ‘कृपया’तला ऋकार बरोबर आहे ना म्हणून कोश काढायचा. त्याने मोठा शब्दकोश खाली घेतला, ‘भ’चं पान काढलं. भांग, स्त्रीलिंगी : एक मादक वनस्पती. ही त्याला माहीत होती. तिच्या वरच दुसरी नोंद होती. भांग, पुल्लिंगी : केसांची विभागणी. आणि त्याच नोंदीत पुढे : अष्टमीच्या सुमारास समुद्राच्या पाण्यास येणारी ओहोट, त्या दिवसांतील मंद भरती-ओहोटी, उधाणाच्या उलट.

पुल्लिंगी. म्हणजे भांगात. गोपीनाथ अगदी शुद्ध बोलला होता.

महिपत खुर्चीत बसला. महाडच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी ऐकून ठाऊक. पण त्या पाण्याला आठ दिवस जोर आणि आठ दिवस धीमेपणा असतो, आणि त्या धीमेपणाला नाव असतं, हे त्याला कोण सांगणार? ज्या शब्दाची शंकाच आली नाही, तो शब्द त्याने कोशात पाहिला नव्हता. नेमका तोच.

हा सगळा खटाटोप सुरू झाला होता दिवाळीनंतर. साल बहात्तर. नौदलातून निवृत्त झालेल्या ह्या कॅप्टनने मुंबईत शाळा काढली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली कसं काम करायचं, ते तिथे शिकवत. पुलाचे खांब तपासणं, बुडालेल्या बार्जेसचे तुकडे शोधणं, अशी कामं. वर्ग दर रविवारी. पण कधी पाणी गढूळ, कधी ओढ फार, म्हणून वर्ग सारखे बुडत. मुंबईच्या आसपास बाराही महिने चालतील अशा जागा त्यांना हव्या होत्या. त्यांनी वाचनालयाला पत्र लिहिलं, पाच प्रश्न पाठवले, उत्तरांची पुस्तिका ते छापणार होते. ज्याची माहिती सगळ्यांत उपयोगी पडेल, त्याला संस्थेच्या बोटीवर वाटाड्या म्हणून कायमची जागा मिळणार होती.

गोपीनाथला ती जागा हवी होती. तीस वर्षं तो खाडीतून रेती काढत होता. पाण्यात बांबू रोवायचा, त्याला धरून लोखंडी बादली घेऊन तळाला जायचं, श्वास संपायच्या आत बादली भरून वर यायचं. दिवसाला किती वेळा, याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या कानातून रक्त आलं. डॉक्टरने सांगितलं, अजून एक पावसाळा असाच घालवलास तर दुसराही कान जाईल. बोटीवर बसून बोटाने जागा दाखवायची, ह्यापेक्षा देवाने त्याला दुसरं काय द्यायचं होतं!

मोरव्याला होडीच्या सावलीत बसून महिपतने पहिला प्रश्न वाचला होता. “कोणती जागा बारा महिने चालेल?”

“जागंला काय इचारतंस?” गोपीनाथ म्हणाला होता. “जागा हाय तितंच बसून हाय. हिंडतंय ते पानी. तीथ इचार, दिस इचार. भांगात उतर, मंग कंचीबी जागा बारमाही हाय.”

महिपतने वहीत ‘भांगात’ लिहिलं. गावंढळ उच्चार म्हणून लगेच खोडून ‘भांगेत’ केलं. आणि घरी येऊन पक्कं लिहिताना त्याला गोपीनाथची कणव आली. तो काळवंडलेला कान, ती सोलवटलेली बोटं. म्हणून थंडीचं आणि भीतीचं ते वाक्य त्याने पदरचं घातलं. लिहिताना डोळे भरून आले होते. आता ते आठवून त्याच्या कानशिलांवर चटका बसला.

दुपारी जेवायला तो खारी गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर गेला. मंदा ओट्याशी उभी होती, पिशवी रिकामी.

“मासळी नाही?”

“नाही मिळाली.”

“बाजारात नव्हती?”

“होती की. ढीग होती. त्या गोपीनाथच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या पाटीत निवट्या होत्या, बोंबील होते.” मंदाने पिशवी खुंटीला अडकवली. “मला बघून त्यांनी पाटीवर फडकं टाकलं. म्हणाल्या, भांगवाल्याच्या घरची मासली खाऊ नगं बाय, चढंल. तुज्या नवऱ्याला भाजीच घाल, शुद्द. सगळ्या बायका हसल्या. शेजारची शकूपण. काय केलंत तुम्ही?”

महिपतने सांगितलं. सांगताना तो चुकीचं लिंग, कोश, पदरचं वाक्य असं सगळं नीट क्रमाने सांगत गेला. मंदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग सांगून टाका ना त्या कॅप्टनला.”

“सांगायचं आहेच. पण कसं सांगायचं... चारचौघांत...”

“चारचौघांत छापलंत की.”

पत्र लिहावं असा विचार आला. त्याने तीन मसुदे केले. पहिला फार लांब झाला, दुसरा फार रडका, तिसऱ्यात ‘सदर शब्दाच्या अर्थाबाबत किंचित संदिग्धता’ असं आलं. तिन्ही फाडले, आणि शनिवार उजाडला तेव्हा टपाल पोचायची वेळ निघून गेली होती.

रविवारी नऊच्या सुमारास कॅप्टनची गाडी भाईंदर पश्चिमेला खाडीच्या धक्क्यावर आली. गाडीतून टाक्या उतरल्या, रबरी पोशाख उतरले, सात-आठ विद्यार्थी उतरले. वाटाड्याची जागा मिळाली होती मुंबईच्या नाथाला. तो मोटरबोट चालवण्यात पटाईत, पण ह्या खाडीत आज पहिल्यांदाच आलेला. पौर्णिमेची भरती चढत होती. खाडीचं पाणी पश्चिमेकडून आत घुसत होतं आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबांवर फेस काढत होतं.

गोपीनाथ, जानू आणि मोरव्याचे दहा-बारा जण बाजूला ओळीने उभे होते. कुणी रामराम केला नाही.

“अरे, आमचे लेखक आले!” कॅप्टनने महिपतच्या पाठीवर थाप मारली. “फर्स्ट क्लास लिहिलंय तुम्ही. लोकांना फार आवडलं.”

“साहेब, त्यात एक...”

“हां, बोला.”

महिपतने मागे पाहिलं. गोपीनाथचे डोळे त्याच्यावर खिळलेले होते. जानू ऐकू येईल एवढ्या अंतरावर येऊन उभा राहिला होता. महिपत पुन्हा कॅप्टनकडे वळला.

“त्यात एक शब्द... म्हणजे ते भांगेत जे आहे... छापखान्याची चूक झाली आहे.”

“होते हो. पुढच्या आवृत्तीत बघू.” कॅप्टन वळले. “नाथा, टाकी तपास!”

जानू गेला आणि सासऱ्याच्या चांगल्या कानाशी वाकला. तो काय सांगतोय हे महिपतला इथून कळलं. गोपीनाथ थुंकला. मग तोच पुढे आला.

“सायब, आता उतरवू नका. उदान हाय. पानी धावतंय. बाराला भरती पुरी व्हईल, तवा अर्दा घंटा पानी ठरंल. तवा उतरवा.”

“तू तो गोपीनाथ ना?” कॅप्टनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “बारा वाजता आमचा लंच असतो. आणि तुझी उतरली नसेल तर आधी लिंबूपाणी घे.”

विद्यार्थी हसले. नाथा सगळ्यांत मोठ्याने हसला, “चाचा को छाछ पिलाओ कोई!” मोरव्याच्या ओळीत कुणीतरी दगड उचलला. गोपीनाथने न बघताच हात आडवा केला आणि दगड खाली पडला.

बोट पुलाच्या अलीकडे नांगरली. एक उंच विद्यार्थी, टाकी बांधून, बोटीला बांधलेल्या एका दोरीला धरून उतरला. वर येणाऱ्या बुडबुड्यांवर नजर ठेवायची, म्हणजे माणूस कुठे आहे ते कळतं, असंही कॅप्टनने पुस्तिकेत मागाहून घातलं होतं. पण धावत्या पाण्यात सगळीकडे बुडबुडेच. पाच मिनिटांनी ती दोरी ढिली झाली. नाथाने ती ओढली. ती अगदी सहज वर आली. खाली कुणी नव्हतं.

कॅप्टनचा आवाज बदलला. ते शिट्टी फुंकू लागले. बोट गोल फिरली, पुलाकडे गेली, फेसाला भिऊन मागे आली. धक्क्यावर विद्यार्थी एकमेकांना विचारत होते.

“तितं हुडकून काय करतंस?” गोपीनाथ धक्क्याच्या टोकाला जाऊन गरजला. “पुलापल्याड जा! तिवरात मोडका खुंट हाय, तितं निंगल तो! दुसऱ्या गाल्यातून जा, पयल्यातून नगं, आपटशील!”

नाथाने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने मान हलवली. बोट खांबांमधल्या दुसऱ्या गाळ्यातून पुलापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

बोट परत आली तेव्हा तिच्या तळाशी तो उंच विद्यार्थी बसून खोकत होता. चेहऱ्यावरची काच गेलेली, गुडघा फाटलेला. खुंटाला मिठी मारून बसला होता म्हणे.

कॅप्टन धक्क्यावर चढले. त्यांची टोपी कुठेतरी पडली होती.

“तुला कसं कळलं तो तिथे असेल?”

गोपीनाथने महिपतकडे बोट केलं. बोट तसंच धरून ठेवलं.

आता सगळेच महिपतकडे बघत होते. आपले पाय आपल्याला मागे नेताहेत असं त्याला जाणवलं. मागे कुंपण होतं, म्हणून ते थांबले.

“छापखान्याने नाही,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण निघाला. “चूक मी केली. भांग म्हणजे नशा नव्हे, साहेब. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. भांगात उतरा, असं दादा म्हणाले. तुमच्या पाचही प्रश्नांचं तेच एक उत्तर होतं. मी ते बदललं. आणि थंडीचं, भीतीचं जे वाक्य आहे ते दादा बोललेच नाहीत. ते मी मनचं घातलं.”

“का?”

“मला... त्यांची दया आली.”

गोपीनाथ हसला. पहिल्यांदाच हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

“साळवी,” कॅप्टन सावकाश म्हणाले, “नेव्हीत आम्हाला सुरुंगापासून सांभाळून राहायला शिकवलं. लिहिता येणाऱ्या माणसापासून कुणी शिकवलं नाही.” मग ते गोपीनाथकडे वळले. क्षमा वगैरे त्यांनी मागितली नाही. तशी त्यांना सवय नसावी. “पुढच्या रविवारपासून बोटीवर ये. नाथा इंजिन बघेल. तू सांगशील तेव्हाच आम्ही उतरू.”

“फुडल्या रविवारी अष्टमी हाय. भांग लागतोय. येन.” गोपीनाथ थांबला. “पन आदी कागुद. किती छापलंस?”

“तीनशे. अजून वाटल्या नाहीत फारशा. सगळ्या परत मागवतो.”

“ह्या मास्तरच्या हातानं सुदारायच्या. तीनशेच्या तीनशे. माज्या डोल्यांम्होरं. एक ऱ्हायली तर मी बोटीवर पाय ठेवनार न्हाय.”

कॅप्टनची माणसं गुरुवारपर्यंत गठ्ठे आणून टाकत राहिली. महिपत शुक्रवारी सकाळी बसला तो शनिवारी दुपारपर्यंत. गोपीनाथ समोर बाकावर, जेवायचा डबाही तिथेच. एकेका प्रतीतलं ते पान काढायचं, ‘गे’वरची मात्रा ब्लेडच्या टोकाने खरवडायची, शेजारी काळ्या शाईने काना ओढायचा, मग दयेचं ते वाक्य पुरतं काळं करायचं, आणि खालची नशापाण्याची ओळसुद्धा. पहिल्या दिवशी गोपीनाथ जानूला विचारून विचारून खात्री करून घेत होता. दुसऱ्या दिवशी त्याने जानूला घरी पाठवलं.

“आता वलकतंय मना,” तो म्हणाला. “डोस्क्यावर काठी असली तर ती मी न्हाय. बाजूला काठी असली तर मी.”

वर्तमानपत्रं वाचायला येणारे पायरीवरूनच परत जात. महिपतने एकदा, फक्त एकदा, मान वर करून म्हटलं, “दादा, माझं चुकलं.”

“लिव.”

शनिवारी तीनला दोनशे नव्व्याण्णवावी प्रत झाली. महिपतने ब्लेड पुसलं, दौतीचं झाकण लावलं.

“एक कमी हाय.”

“एखादी हरवली असेल. पाण्यात पडली असेल त्या दिवशी.”

“एक कमी हाय, मास्तर.”

ती प्रत कुठे आहे हे महिपतला ठाऊक होतं. खारीच्या खोलीत, ट्रंकेत, मंदाच्या लग्नातल्या शालूखाली, तिच्या देखत ठेवलेली, कोऱ्या कागदात गुंडाळलेली. छापलेल्या नावाला एकसुद्धा डाग नसलेली. एवढी एक राहिली तर कुणाचं काय जाणार होतं? ती कुणाला दाखवायची नव्हती. म्हातारपणी कधीतरी काढून बघायची होती, एवढंच. गोपीनाथने पाय लांब केले, बाकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. उद्या बोट सुटायची होती, त्याच्याशिवाय सुटली तरी तो असाच बसून राहिला असता.

सव्वातीनला मंदा आली. दाराशी चपला काढून आत आली, टेबलावर कोऱ्या कागदाचं पुडकं ठेवलं, आणि परत गेली.

महिपतने कागद सोडला. पान काढलं. मात्रा खरवडताना ब्लेड कागदातून आरपार गेलं. काना मात्र त्याने सरळ ओढला.

गोपीनाथने ती प्रत उजेडाकडे धरली. भोकातून दुसऱ्या बाजूची भिंत दिसत होती. अक्षरावर बोट ठेवून त्याने काठी बाजूला असल्याची खात्री केली आणि पुस्तिका कमरेला खोचली.

“ही मी नेतो. लक्ष्मीला दावायला.”

“न्या.” महिपत धडपडत उठला. “दादा, उद्या मीपण येऊ का? धक्क्यावर. भांगाचं पाणी कसं असतं ते एकदा बघावं म्हणतो.”

गोपीनाथ दारात थांबला, पण वळला नाही.

“घरी बस,” तो म्हणाला. “बुकात बग.”